रामधनभाऊ आणि तीन किलो प्रेशर

रामधन राठोड भेटले की "कसं काय?" असं कधी विचारत नसत. ते विचारत, "किती?"

नवीन माणूस गोंधळायचा. किती म्हणजे काय किती? पण रामधनभाऊंना उत्तरात आकडा लागायचा. ताप आहे म्हणालात तर किती. भूक लागली म्हणालात तर किती भाकरींची. नांदेडहून आलो म्हणालात तर किती वेळात. एकदा आमचे हेडमास्तर त्यांच्यापाशी गुडघ्याची तक्रार करत होते, "फार दुखतो हो." रामधनभाऊंनी शांतपणे विचारलं, "चढताना का उतरताना? कितव्या पायरीला सुरू होतं?" हेडमास्तर वैतागून निघून गेले. दुसऱ्या दिवशी मात्र शाळेच्या जिन्यावर ते ओठातल्या ओठात पायऱ्या मोजत असलेले मी पाहिले.

बाकीच्यांच्या खिशाला पेन असतं. रामधनभाऊंच्या खाकी शर्टाच्या खिशातून प्रेशर मीटरची गोल पितळी तबकडी डोकावत असे. ती त्यांनी कशाकशाला लावली नाही? नळाला लावली, पंक्चरवाल्याच्या पंपाला लावली, फवारणीच्या टाकीला लावली. बायको वारल्यानंतर स्वयंपाक त्यांच्याकडे आला, तेव्हा कुकरलाही लावली. त्यांचं म्हणणं असं, की शिटीवर भरवसा ठेवता येत नाही, शिटी अंदाजानं वाजते. म्हणून शिटीच्या जागी मीटर बसवलं. आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून. धडाम आवाज झाला तसा मी धावत गेलो, तर तुरीची डाळ पत्र्याला जाऊन चिकटलेली आणि हे स्टुलावर चढून टेपानं उंची मोजून राहिलेले.

"साडेआठ फूट, सर," ते म्हणाले. "एवढ्याशा कुकरात किती ताकद असती बघा."

आम्ही दोघं आखाडा बाळापूरला शेजारी. मी तिथल्या शाळेत गणित शिकवायचो. ते कळमनुरीकडच्या एका तांड्यातले. आजोबांच्या पिढीत बैलांवर मीठ वाहायचे, वडिलांच्या पिढीत शेती आली, आणि यांनी ट्रॅक्टरखाली शिरून मिस्त्रीकाम शिकून घेतलं. वारंगा फाट्यावर त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. गाडी आली की दुसरे मिस्त्री लगेच पाना हातात घेत. हे वही हातात घेत. ड्रायव्हर सांगायचा, "भाऊ, पंप गेला वाटतं." त्यावर यांचं ठरलेलं वाक्य, "वाटतं ते घरी ठिवून या. इथं मोजायचं."

मोजण्यात तास जायचा. ड्रायव्हर समोरच्या हॉटेलात भजी खाऊन, झोप काढून परत यायचा. पण एकदा मोजून झालं की रामधनभाऊंचा हात चुकीच्या नटाला लागत नसे. नव्वदच्या सुमाराची ती वर्षं. फाट्यावरून जाणाऱ्या जीपवाल्यांत त्यांचं नाव 'किलोवाले राठोड' असं पडलं होतं. कारण प्रेशर किलोत मोजतात. एक शेतकरी तर गॅरेजात येऊन हळद घेता का म्हणून विचारून गेला.

पुढे हिंगोली जिल्हा झाला. रस्त्यांवर नव्या मोटारी दिसू लागल्या, त्यांत कार्बोरेटर नव्हता, इंजेक्शन होतं. रामधनभाऊंकडे स्वतःची एक जुनी पेट्रोल जीप होती. त्या काळी ज्याच्याकडे पेट्रोल जीप होती, त्यानं तिच्यात डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं. लोकांनी यांनाही तेच सांगितलं. यांनी ऐकलं नाही. पुण्याच्या कुणा एका माणसानं घरच्या घरी जुळवलेला इंजेक्शनचा किट त्यांनी पार्सलनं मागवला. खोक्यात पेट्रोलचा विजेचा पंप, चार इंजेक्टर, प्रेशर सांभाळणारा रेग्युलेटर, एक काळी डबी आणि हातानं काढलेला वायरिंगचा कागद. काळ्या डबीला ते 'कॉम्पुटर' म्हणत आणि तिला उन्हात ठेवत नसत.

मला काही कळेना, तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. "सर, कार्बोरेटरमधी इंजिन आपल्या हातानं वाढून घेतं. लागल तेवढं वढून घेतं. इंजेक्शनमधी वाढपी येतो. पंप म्हंजे वाढपी. त्यो तीन किलोच्या जोरानं पेट्रोल पुढं ढकलतो, मग इंजेक्टर त्याचा फवारा मारतो. तीनाच्या खाली वाढपी ढिला पडला, का पंगत उपाशी."

दीड महिना खपून त्यांनी तो किट बसवला. टाकीला नवं कुलपाचं टोपण लावलं, कारण फाट्यावर पेट्रोल काढून न्यायचे लोक. पहिल्यांदा चावी फिरवली त्या दिवशी अर्धा फाटा गोळा झाला होता. पंप गुणगुणला, सुई तीनावर गेली, आणि ती वीस वर्षांची जीप अशी सुरू झाली की हॉटेलवाल्यानं सगळ्यांना फुकट चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी ती रस्त्यात बंद पडली.

कार्बोरेटरवर कधी न थांबलेली गाडी. सव्वा तास बिनबोभाट चालायची, मग धक्के खायची, मग गप. पंधरा मिनिटं थांबलं की आपली आपण सुरू. लोक हसले. "भाऊ, डिझेल इंजिन टाका अजूनबी." रामधनभाऊ हसले नाहीत, चिडलेही नाहीत. रात्रभर विचार करून सकाळी माझ्या दारात आले.

"सर, रविवारचे मोकळे हायेत का? मला आकडे लिहून घ्यायला मानूस पाहिजे."

इथं मला थोडं मागं जावं लागेल. आकडे लिहून घ्यायचं काम त्यांच्याकडे आधी दुसऱ्या कुणाचं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी, कविता. माझी विद्यार्थिनी. गणितात मी तिला कधी पंच्याण्णवाच्या खाली पाहिलं नाही. वडिलांच्या वहीची पहिली दीडशे पानं तिच्या टपोऱ्या अक्षरातली. डी.एड. करताना तिची मिलिंद नावाच्या मुलाशी ओळख झाली आणि पुढं तिनं त्याच्याशी लग्न केलं. वडिलांना न सांगता. मिलिंद आमच्यातला, बौद्ध.

रामधनभाऊंनी माझ्या घरी कितीदा तरी पाटावर बसून जेवण केलेलं. माझ्या आईच्या हातची खिचडी त्यांना विशेष आवडायची. पण त्या लग्नानंतर दोन महिने त्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही, आणि मीही त्यांच्या ओसरीवर गेलो नाही. मला राग होता. कोणता ते मी माझ्या बायकोलाही बोललो नव्हतो. मग एके दिवशी काहीच झालं नाही अशा थाटात ते आले आणि "सर, आज उन्हाचा पारा किती?" म्हणाले. मी सांगितला. पुन्हा बोलणं सुरू झालं. कविताचं नाव मात्र त्यानंतर त्या घरात निघालं नाही. ती दोघं सेनगाव तालुक्यात कुठंतरी नोकरीला आहेत, इतकंच मला ऐकून माहीत होतं.

तर अशी आमची रविवारची मोहीम सुरू झाली. रामधनभाऊंनी प्रेशरची नळी बॉनेटखालून बाहेर काढून मीटर काचेवर वायपरखाली बांधलं, तबकडी आमच्याकडे तोंड करून. ते गाडी चालवायचे. मी डाव्या सीटवर मांडीवर वही घेऊन दर पाच मिनिटाला आकडा लिहायचा. रस्ता ठरलेला. बाळापूर, कळमनुरी, हिंगोली, तिथून सेनगाव रोड.

"रस्ता कधी बदलायचा का?" मी विचारलं होतं.

"रस्ता बदलला तर आकडा बदलतो. मंग कुनाला धरायचं? रस्त्याला का पंपाला?"

गणिताच्या मास्तराला हे पटण्यासारखंच होतं.

रस्त्यातल्या गावांत लोक काचेवरच्या तबकडीकडे टकमक बघायचे. एका म्हाताऱ्या बाबांना ते घड्याळ वाटलं. त्यांनी हात करून गाडी थांबवली आणि विचारलं, "किती वाजले बापू?" रामधनभाऊंनी सवयीनं सुईकडे पाहून सांगितलं, "तीन." सकाळचे दहा वाजत होते. बाबा घाबरून भराभरा घराकडे निघाले.

पहिल्या रविवारी गाडी हिंगोलीच्या अलीकडे थांबली. प्रेशर तीन, मग दोन पॉइंट आठ, दोन पॉइंट पाच, दोन, दीड. दहा-बारा मिनिटांत सुई हळूहळू खाली यायची आणि गाडी धापा टाकत उभी राहायची. रामधनभाऊंनी फिल्टर बदलला. दुसऱ्या रविवारी हिंगोलीच्या पुढे थांबली. त्यांनी पंपाला जाणारी वायर बदलली, चांगली जाडजूड, ट्रॅक्टरची. तिसऱ्या रविवारी तोच प्रकार. पंप तापत असेल म्हणून त्याला ओलं पोतं गुंडाळलं, हिंगोलीत बर्फाची लादी घेऊन त्यावर ठेवली. बर्फ वितळला, माझी चप्पल भिजली, गाडी थांबली. मग रेग्युलेटर खोलून तपासला. मग दुसरा पंप आणून लावला.

पुण्याच्या माणसाला त्यांनी आकड्यांची दोन पानं नकलून पाठवली. उत्तरादाखल पोस्टकार्ड आलं : 'पेट्रोल स्वच्छ वापरावे.' रामधनभाऊंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "सर, ह्यात एकबी आकडा न्हाई!" त्यांना गाडी बंद पडल्याचं जेवढं वाईट वाटलं नव्हतं तेवढं ह्याचं वाटलं.

तरी पुढच्या रविवारी सात वाजता हॉर्न वाजलाच. माझी बायको म्हणायची, "तुमच्या शाळेतली पोरं इतकी वेळेवर येत न्हाईत."

सहाव्या रविवारी गाडी सेनगाव रोडवर बरीच लांबवर गेली आणि एका लिंबाच्या झाडाखाली बंद पडली. रस्त्याच्या पलीकडे निळ्या दाराचं दोन खोल्यांचं घर होतं. अंगणात एक बाई वाळवणाला लाल मिरच्या पसरत होती. तिच्या पायात एक लहान मुलगी घुटमळत होती. ऊन डोळ्यांवर येत होतं, मला चेहरा काही दिसला नाही. रामधनभाऊ खाली उतरले आणि, असं पूर्वी कधी झालं नव्हतं, बॉनेट न उघडता झाडाला टेकून उभे राहिले.

मला वाटलं, थकले बिचारे. पेट्रोल तरी आहे का बघावं म्हणून मी चावी घेऊन टाकीचं टोपण उघडलं. फुस्स करून हवा आत शिरली. म्हणजे चांगली जोरात, सोड्याची बाटली उघडल्यासारखी. मी दचकलो. मग सीटवर जाऊन गाडीची चावी फिरवून पाहिली. पंप गुणगुणला. सुई सरळ तीनावर.

"रामधनभाऊ!" मी ओरडलोच. "टोपण! तुमचं कुलपाचं टोपण! त्याला हवा जायला भोकच नाही. पेट्रोल कमी होतं, त्या जागी हवा यायला पाहिजे ती येत नाही, मग पंपानं ओढायचं तरी कसं?"

सहा रविवार, दोन पंप, तीन फिल्टर, एक बर्फाची लादी, आणि दोष निघाला टोपणात. मला वाटलं, हा माणूस आता मला खांद्यावर घेणार. ते माझ्याकडे बघतही नव्हते.

"हं," ते म्हणाले. "एका बारीनं शाबीत होत न्हाई. परत मोजू."

त्यांनी टोपणाला बारीक भोक पाडलं. पुढच्या रविवारी मी निर्धास्त बसलो होतो. गाडी हिंगोलीपर्यंत मस्त गेली, पुढंही गेली, आणि लिंबाखाली बंद पडली. त्याच्या पुढच्या रविवारीही तिथंच. त्याच्या पुढच्याही. मी टोपण उघडून बघायचो, फुस्स होत नव्हतं. रामधनभाऊ खाली उतरून झाडाला टेकत, पंधरा मिनिटं मोजून थांबत, परत येऊन चावी फिरवत. गाडी सुरू. 

आता जिद्द मला चढली. शोध मी लावला होता आणि तो खोटा ठरत होता. शाळेत मुलांना भागाकार करायला लावून मी टेबलावर ती वही उघडून बसायचो. एके दिवशी टोपणाला भोक पाडण्याआधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली तेव्हा लक्षात आलं. पहिले सहा रविवार गाडी सहा ठिकाणी थांबली होती. नंतरचे पाच रविवार एकाच झाडाखाली. इतका वक्तशीर बिघाड मी पाहिला नव्हता. आणि दुसरं म्हणजे, आधी सुई हळूहळू उतरायची. आता नोंदी अशा होत्या : तीन, तीन, तीन, तीन, शून्य.

पुढच्या रविवारी लिंबाखाली गाडी थांबली तेव्हा मी वही त्यांच्यापुढे धरली.

"रामधनभाऊ, गाडी बिघडलेली नाही. प्रेशर असं एकदम शून्य होत नाही. कुणीतरी पंप बंद केल्यावरच होतं."

त्यांनी वही हातात घेतली, दोन्ही पानं नीट वाचली. "बराबर लिवलंय," ते म्हणाले. "तुमचं अक्षरबी चांगलं हाय."

"काहून बंद करता?"

 त्यांची नजर रस्त्याच्या पलीकडे गेली म्हणून माझीही गेली. निळ्या दारातून ती बाई बाहेर आली होती, कडेवर मुलगी. ह्यावेळी आभाळ आलं होतं, ऊन नव्हतं. ती कविता होती.

मी सीटवर तसाच बसून राहिलो. 

"पयल्यांदी खरीच बंद पडली, सर," रामधनभाऊ हळू आवाजात म्हणाले. "मला म्हाईत होतं ह्या रोडला राहती म्हणून. पर घर म्हाईत नव्हतं. जाता-येता दिसली तर दिसली, एवढंच मनात होतं. त्या दिवशी बंद पडली ती नेमकी घरापुढं. नातबी दिसली. मंग तुमी टोपण काढलं." त्यांनी सीटखाली हात घालून एक लहानसं बटन दाखवलं. "मंग हे बसवलं."

"अहो, पण सरळ थांबायचं ना गाडी!"

"सरळ थांबलो तर मानूस विचारतो, काहून थांबला म्हणून. बिघडलेल्या गाडीला कुनी विचारत न्हाई."

माझ्या तोंडून निघून गेलं. किती दिवसांचं आत होतं. "माझ्या घरी जेवता तुम्ही. माझ्या आईच्या हातचं मागून खाता. मग जावयाच्या घरचं तांब्याभर पाणी काहून चालेना?"

त्यांनी वही मिटली. त्यांना राग येईल असं मला वाटलं, तो आला नाही.

"तांड्यातले चार जण बोलले, त्याची मला तकलीफ न्हाई. म्या ऐकून घेतलं आन सोडून दिलं. पर कविता जाताना चिठ्ठी ठिवून गेली व्हती. 'बा, तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता.' एवढंच. चार दिवस त्यो कागद घेऊन बसलो, सर. म्हणलं, खोटं लिवलं पोरीनं. मंग इचार केला, खरंच विचारलं असतं तर म्या काय म्हणलो असतो? न्हाईच म्हणलो असतो. तुमच्या ताटाला ताट लावून जेवनारा मी, तरी न्हाईच म्हणलो असतो. लेकीनं मला बराबर मोजलं व्हतं." त्यांनी वही मला परत दिली. "आता कोन्या तोंडानं जाऊ?"

हे ऐकून मला वाईट वाटलं, ते दोन्ही बाजूंनी. ते 'न्हाई' मलाही लागलं. पण ज्या माणसानं ते स्वतःहून मान्य केलं, त्याच्यावर जुना राग धरून बसायला मला जमेना. मी म्हणालो, "ज्या तोंडानं मला सांगितलं त्याच तोंडानं जा."

"आज न्हाई."

"कधी?"

"पुढच्या रविवारी. बटन काढून टाकतो. गाडी आपल्या पायानं थांबवतो."

आणि त्यांनी पंप चालू केला.

तो आठवडा त्यांचा कसा गेला ते मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. बुधवारी जीप धुतली, शुक्रवारी परत धुतली. शनिवारी कटिंग केली. रविवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. फाट्यावर एकदा थांबून यायचं म्हणाले, कारण गॅरेजात बाळापूरला न मिळणारी केळी आणून ठेवली होती. खरं कारण वेगळं असावं, कारण केळी घेतल्यावर अर्धा तास त्यांनी इंजिन तपासण्यात घालवला. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या होत्या, हात कोपरापर्यंत काळे.

"आता काय राहिलंय तपासायचं?" मी म्हणालो.

"मधीच बंद पडली तर?"

गाडी कुठंही बंद पडली नाही. हिंगोली गेली, सेनगाव रोड लागला, सुई तीनावर खिळलेली. लिंबाचं झाड दिसलं. रामधनभाऊंनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरलं, आणि जीप झाडावरून, निळ्या दारावरून तशीच पुढं निघून गेली.

"भाऊ, गेलं की घर!"

"व्हय, गेलं."

दीड किलोमीटरवर त्यांनी गाडी वळवली. पुन्हा घर आलं, पुन्हा गेलं. हिंगोलीच्या बाजूला पुलापर्यंत जाऊन आम्ही परत फिरलो. कपाळावर घाम, जबडा घट्ट, नजर समोर. युद्धाला निघाल्यासारखा माणूस. तिसऱ्या खेपेला घर जवळ आलं आणि मी पाहिलं, त्यांचा उजवा हात स्टेअरिंग सोडून सीटखाली गेला. बटन त्यांनी काढलंच नव्हतं. सुई शून्यावर पडली, जीप घरंगळत निळ्या दारासमोर, अगदी अंगणाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

 रामधनभाऊ समोर बघत बसले.

कविता घरातून बाहेर आली. पदराला हात पुसत सावकाश जीपपाशी आली. माझ्याकडे पाहून तिनं "नमस्कार सर" म्हटलं. मग वडिलांच्या बाजूला उभी राहून ती मान वाकडी करून काहीतरी ऐकू लागली. लहानपणी गॅरेजात ती अशीच ऐकायची.

"बा, चावी तर चालू हाय," ती म्हणाली. "पर पंप बोलून न्हाई राहिला. बटन कुठं बसवलं?"

रामधनभाऊंनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"मला काय वाटतं," कविता पुढं म्हणाली, "पयल्या दिवशी गाडी धक्के खाऊन थांबली, ती खरी बंद पडली व्हती. त्याच्यानंतर एकबी धक्का न्हाई. मी खिडकीतून ऐकून राहिले ना दर रविवारी. सहा रविवार वाट बघितली, म्हणलं आज झाड सोडतेन, आज रस्ता वलांडतेन. मीच यायला निघाले व्हते दोनदा. मला वाटायचं, मी आले तर बा गाडी सुरू करून निघून जातेन. मंग रविवारचंबी दिसायचे बंद होतेन."

दोघांची आवाजाची पट्टी अगदी सारखी होती, बारीक सारीक मोजून बोलायची. मला हसू आलं. मी केळी उचलून खाली उतरलो, उगीच मध्ये बसून राहायला नको म्हणून.

रामधनभाऊंनी सीटखालचं बटन चालू केलं. पंप गुणगुणला. मग त्यांनी चावी फिरवून गाडी पुरती बंद केली, काढली, आणि खाली उतरले.

मिलिंद दारात उभा होता. चांगला सरळ मुलगा. त्यानं वाकून नमस्कार केला, रामधनभाऊंनी त्याच्या खांद्याला धरायला हात पुढं केला आणि मध्येच मागं घेतला. तेवढ्यात तीन वर्षांची ती नात धावत आली, ओळख ना पाळख, आणि दोन्ही हात वर करून त्यांच्यापुढे उभी राहिली. पिवळा नवा फ्रॉक होता. रामधनभाऊंनी आपले काळे हात पाठीमागे लपवले.

"थांब बाई," ते म्हणाले. "हात खराब हायेत."

कवितानं अंगणातल्या दगडापाशी पाण्याची बादली ठेवली, धुण्याची पावडर आणून दिली. ते तिथं उकिडवे बसले. पोरगी लगेच शेजारी जाऊन बसली आणि बादलीतून तांब्या भरून त्यांच्या हातांवर पाणी घालायला लागली. अर्धं पाणी हातांवर, अर्धं त्यांच्या पांढऱ्या शर्टावर.

आम्ही दारात उभे राहून बघत होतो. चहा निवला. मी हाक मारायला पुढं झालो, तर कवितानं मला खुणेनं थांबवलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. रामधनभाऊ आमच्याकडे पाठ करून, मान खाली घालून, ते चोळतच होते. आणि पोरगी तांब्यामागून तांब्या ओतत होती.